सरकत्या ठिपक्याचं नाव कसं शोधाल?

मांद्र्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर तास-दीड तासात एखादा ठिपका न लुकलुकता सरकताना दिसला, तर तो बहुधा उपग्रह; आधी घड्याळ बघा. वेळ सेकंदासकट लिहा आणि तो कुठल्या ताऱ्याजवळून गेला तेही. (लाल-हिरवे दिवे दिसले तर ते मोपा विमानतळावर उतरणारं विमान.) मग कुठला उपग्रह कधी दिसेल ते सांगणाऱ्या हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपलं ठिकाण आणि वेळ घालून पडताळा.

तिथे नावापेक्षा क्रमांक नीट वाचा, खरी कुंडली त्यातच असते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा क्रमांक १९९८-०६७ए. म्हणजे १९९८ सालचं ६७वं प्रक्षेपण, त्यातली पहिली वस्तू. 'ए' बहुधा मुख्य उपग्रहाला मिळतो, पुढची अक्षरं रॉकेटच्या टप्प्यांना नि तुकड्यांना. तुकडा कधीही सुटो, साल मूळ प्रक्षेपणाचंच राहतं. चीनने आपला फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह २००७ मध्ये क्षेपणास्त्राने फोडला, पण त्याचे तुकडे आजही १९९९-०२५ हेच आडनाव लावतात.

ठिपक्याचा उजेड ठरावीक वेळाने कमी-जास्त होत असेल, तर ते बहुधा कोलांट्या खात फिरणारं रिकामं रॉकेट. दोन झळाळींमधले सेकंद मोजाच, फार गोड काम आहे ते.