उत्तराची घाई नडते: एफवायबीएस्सी केमिस्ट्रीत या चुका टाळा

"मॅडम, वर्गात सगळं कळतं, पण पेपरात काहीच सुटत नाही." पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागले की हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. बारावीला केमिस्ट्रीत उत्तम गुण मिळवलेली मुलंमुलीच ते म्हणतात, म्हणजे प्रश्न बुद्धीचा नसतो. दोन वर्षं त्यांनी चार पर्यायांतून बरोबर पर्याय ओळखण्याचा सराव केलेला असतो. सीईटीला आणि नीटला तो उपयोगी पडतो. पदवीच्या लेखी पेपरात मात्र गणित कुठून सुरू करायचं, काय गृहीत धरायचं, कुठे थांबायचं, हे आपलं आपण ठरवावं लागतं. पहिल्या वर्षातल्या बहुतेक चुका मला उत्तराकडे धावण्याच्या त्या जुन्या सवयीतून आलेल्या दिसतात. म्हणून पेपर तपासताना शेवटच्या आकड्यापेक्षा पाय नेमका कुठल्या ओळीत घसरला, ते शोधण्याकडे माझं लक्ष असतं. तुम्हीही तेच शोधायला शिकावं, यासाठी हा लेख.

सूत्र आठवलं की आकडे टाकणं

एक गणित बघा. पाण्याच्या बाष्पीभवनाची एन्थाल्पी ४०.७ किलोज्यूल प्रति मोल आहे आणि एन्ट्रॉपीतला बदल १०९ ज्यूल प्रति केल्व्हिन प्रति मोल आहे. पाण्याचा उत्कलनबिंदू काढा. एन्थाल्पीला एन्ट्रॉपीने भागायचं, इतकं बहुतेकांना आठवतं. मग ४०.७ भागिले १०९, उत्तर ०.३७३ केल्व्हिन, खाली दोन रेघा आणि पुढचा प्रश्न. किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिले. ही चूक कुणाचीही होऊ शकते. मला काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. पाणी निरपेक्ष शून्याच्या इतक्या जवळ उकळतं, असं लिहिताना हात थांबला नाही. ज्यूल करून भागलं की ३७३ केल्व्हिन येतं, म्हणजे आपलं रोजचं १०० अंश सेल्सिअस.

तेव्हा उत्तर आलं की एक प्रश्न स्वतःला विचारा: हे शक्य आहे का? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात मोल प्रति लिटर दिली असेल, तर लॉग घेऊन पीएच ८ लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात. आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी कसं होईल? पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन इथे सोडून चालत नाहीत. ते धरले की पीएच ६.९८ च्या आसपास येतो. हे गणित मी पहिल्याच आठवड्यात घालते. "समजलं का?" विचारलं की सगळ्या माना डोलतात, पण या गणितानंतर कुणाला काय समजलंय ते लगेच दिसतं. पहिल्या वर्षाला नव्याने शिकवू लागलेल्या सहकाऱ्यांनाही माझं सांगणं असतं की मानांवर विसंबू नका, असा एखादा प्रश्न टाका.

वायूच्या स्थिरांकाचंही तसंच. ८.३१४ कधी आणि ०.०८२१ कधी, हे पाठ करायची गरज नाही. प्रत्येक आकड्यासमोर त्याचं एकक लिहा आणि शेवटपर्यंत ओढत न्या. चुकीचा स्थिरांक घेतला असेल तर एककं एकमेकांना कापतच नाहीत. तापमान केल्व्हिनमध्ये करायचं राहिलं असेल तर तेही तिथेच उघड होतं.

मोल म्हणजे फक्त भागाकार समजणं

वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान हे सूत्र तोंडपाठ असतं. "एक मोल ऑक्सिजनचं वस्तुमान किती?" असं विचारलं की मात्र वर्ग १६ आणि ३२ यांत विभागला जातो. ऑक्सिजनचे अणू म्हणायचंय की रेणू, असं उलट विचारणारा विद्यार्थी भेटला की मला समाधान वाटतं, कारण मोल ही कणांची मोजणी आहे हे त्याला उमगलेलं असतं. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टेकलेली होती. २० मे २०१९ पासून ती थेट कणांच्या संख्येवर आली: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण म्हणजे एक मोल, आणि कसले कण ते सांगायलाच हवं. जुनी टिपणं वापरत असाल तर एवढा बदल करून घ्या.

ग्लासगो विद्यापीठातले रसायनशास्त्राचे अध्यापक अॅलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ मध्ये मांडलेला एक मुद्दा मला शिकवताना सतत उपयोगी पडतो. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसणारा बदल, अणुरेणूंच्या पातळीवर घडणारी गोष्ट आणि कागदावरची चिन्हं. नवख्या विद्यार्थ्यासमोर तिन्ही एकदम आल्या की तो गोंधळतो आणि चिन्हं तेवढी धरून ठेवतो. म्हणून फळ्यावर समीकरण लिहिलं की मी एकाला उठवून विचारते, "चंचुपात्रात आत्ता काय दिसेल?" आणि दुसऱ्याला, "आत कोणते कण फिरत असतील?" उत्तर मराठीत दिलं तरी चालतं, किंबहुना पहिल्यांदा मराठीतच द्या. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात कल्पनाच सोडून देतात. कल्पना पक्की झाली की पेपरातली चार इंग्रजी वाक्यं सरावाने जमतात.

आणखी दोन चुका लगेच सुधारण्यासारख्या आहेत. फेरस आयनाची इलेक्ट्रॉन संरचना लिहिताना आधी ४एस मधले दोन इलेक्ट्रॉन काढा, ३डी मधले नव्हे. आणि ऑरगॅनिकमध्ये वक्र बाण नेहमी इलेक्ट्रॉनांपासून सुरू होतो, हायड्रोजनच्या धन आयनापासून कधीच नाही.

रीडिंग जुळवणं

या चुकीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण इथे विषयाबरोबर स्वभावही घडतो.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन (ब्युरेट या खुणांच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून संहती काढणं) जवळपास प्रत्येक कॉलेजात होतं. जर्नलमध्ये तीन रीडिंग हुबेहूब सारखी, सीबीआर (म्हणजे ब्युरेटचं कायम सारखं आलेलं रीडिंग) ठळक अक्षरात. खरं काय झालेलं असतं? पहिलं १०.४, दुसरं ९.८, आणि तास संपत आला म्हणून तिसरं शेजारच्या टेबलावरून. गुण कापले जातील ही भीती त्यामागे असते आणि ती भीती घालवणं आम्हा शिक्षकांचं काम आहे. माझ्या प्रॅक्टिकलला न जुळलेलं रीडिंग आहे तसं लिहिलं आणि शेजारी संभाव्य कारण नोंदवलं, तर त्या नोंदीला गुण मिळतात. कारण ओळखता यावं म्हणून काही खुणा सांगते.

सुरुवातीला टाकलेल्या थेंबांचा गुलाबी रंग जातच नाही? घाबरून फ्लास्क ओतू नका. ही अभिक्रिया आरंभी संथच असते. तयार होणारे मँगॅनीजचे आयन पुढे स्वतःच उत्प्रेरकाचं काम करतात आणि वेग वाढतो. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवलंय ना, तेवढं बघा. तपकिरी गढूळपणा आला तर मँगॅनीज डायऑक्साइड तयार झालाय: आम्ल कमी पडलं, द्रावण गार झालं किंवा परमँगनेट फार भराभर सोडलं. सगळी रीडिंग एकसारखी पण अपेक्षेपेक्षा जास्त येत असतील, तर ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन तशीच भरली का ते आठवा. तिच्यात राहिलेल्या पाण्याने परमँगनेट पातळ होतं. धुतल्यावर ती त्याच द्रावणाने खंगाळायला हवी. कोनिकल फ्लास्कच्या बाबतीत उलट: तो फक्त डिस्टिल्ड वॉटरने. ऑक्झॅलिक आम्लाने खंगाळला तर काही आम्ल आतच राहतं आणि रीडिंग वाढतं. पिपेटच्या टोकाचा शेवटचा थेंब फुंकूनही तेच होतं, कारण तो थेंब आत राहणार हे धरूनच तिच्यावर खूण केलेली असते. (आणि पिपेट तोंडाने ओढू नका. कॉलेजात रबरी बल्ब नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे.)

सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली हातात आली असेल, तर परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं आणि रीडिंग फुगतं. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, त्याने रीडिंग घटतं. रीडिंग कधी वर, कधी खाली होत असतील तर ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा, वर तसंच राहिलेलं नरसाळं किंवा डोळ्यांची बदलती उंची यांपैकी काहीतरी निघतं. परमँगनेट गडद असल्याने त्याची वरची कड वाचायची, तीही तिन्ही वेळा.

सगळं नीट करूनही परमँगनेटची संहती जवळपास ४० टक्क्यांनी जास्त येतेय? वजन केलेल्या ऑक्झॅलिक आम्लाकडे जा. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून रेणुवस्तुमान १२६ धरायचं, ९० नव्हे. २५० मिलिलिटर ०.०५ मोलर द्रावणाला १.५७५ ग्रॅम लागतं. ९० धरणारा १.१२५ ग्रॅम घेतो आणि पुढचं सगळं टायट्रेशन निर्दोष असूनही निष्कर्ष चुकतो.

कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम, तारापूर या औद्योगिक वसाहतींमध्ये आमचे कितीतरी विद्यार्थी पुढे क्वालिटी कंट्रोलमध्ये लागतात. औषधनिर्मितीत एखादं रीडिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर ते खोडता येत नाही. ते का आलं, याची लेखी चौकशी करावी लागते. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये कारण लिहायची सवय लागलेली मुलगी तिथे गांगरत नाही.

वाचलं म्हणजे आलं असं वाटणं

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'आयएमपी' प्रश्नांची यादी फिरते, वनशॉट व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले जातात, वहीत पिवळ्या रेघा वाढतात. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर वाटणारा आत्मविश्वास लगेचचा असतो आणि पेपर काही लगेच नसतो.

तेव्हा तास संपल्यावर त्याच दिवशी कोरा कागद घ्या, शिकवलेलं न बघता लिहा आणि मगच वही उघडा. जे आठवलं नाही, तोच तुमचा अभ्यास. सोडवलेली गणितं वाचू नका. उत्तर झाकून पहिली ओळ स्वतः लिहा.

दोन दगडांवर पाय

सल्ला मागायला येणाऱ्यांत दरवर्षी नीट पुन्हा देणारे असतात. प्रवेश बीएस्सीला, सकाळ-संध्याकाळ क्लास नीटचा. नीट साधारण मेच्या सुरुवातीला असते आणि दुसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच सुमारास येते. पुन्हा प्रयत्न करू नका, असं मी कुणाला सांगत नाही. पण पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी ठरवा, आईवडिलांना सोबत घेऊन ठरवा, आणि नीट दिलीच तर बीएस्सीची किमान प्रॅक्टिकल्स बुडवू नका. थिअरीचा राहिलेला विषय एटीकेटीत सुटतो. वर्षभर न केलेल्या प्रॅक्टिकलचा हात पुढच्या वर्षी येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, क्रेडिट्स अॅकॅडेमिक बँकेत जमा राहतात. घरची आर्थिक अडचण असलेल्यांना तिचा खरंच आधार आहे. नुसत्या कंटाळ्यापोटी तिचा विचार करत असाल, तर आधी येऊन बोला.

गणित सोडल्याचा आनंदही फार काळ टिकत नाही. बायोलॉजी घेऊन आलेल्यांना फिजिकल केमिस्ट्रीत विकलन, संकलन आणि लॉग लागतातच. आयआयटीत एमएस्सीसाठी असलेल्या जॅम परीक्षेच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमातही मूलभूत गणित आहे. पहिल्याच वर्षी गणिताच्या मित्रमैत्रिणीकडून सुट्टीत एवढं शिकून घ्या.

शंका घेऊन शेवटी येणं

"मला काहीच कळलं नाही" या वाक्यावर कोणत्याही शिक्षकाला मदत करणं अवघड जातं. येताना तुमचं कच्चं काम आणा, खाडाखोड असलेलं. त्यात तुम्हाला पटलेली शेवटची ओळ कोणती, त्यावर बोट ठेवा. आपण तिथूनच पुढे जातो. बहुतेक वेळा अडचण त्या ओळीच्या वर, बारावीतल्या किंवा अगदी दहावीतल्या एखाद्या कल्पनेत निघते. ते बाहेर काढायला संकोच करू नका.

मेंटॉर म्हणून नेमलेल्या शिक्षकांकडे फक्त फॉर्मवर सही घ्यायला जाऊ नका. बसचा पास, वसतिगृह, घरची शेतीची कामं, पार्टटाइम नोकरी, यांतलं काही अभ्यासाच्या आड येत असेल तर तेही सांगा. हजेरी आणि प्रॅक्टिकलच्या बॅचबाबत वेळेत सांगितलं तर बरंच काही करता येतं. पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका हाती आली की त्याच आठवड्यात, दुसरा धडा सुरू होण्याआधी, ती घेऊन या. एकट्याने यायला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून आलात तरी चालेल.