चर्च बंद असलं तरी मंडळी एकत्र कशी ठेवायची

सलाम सगळ्यांना. कोरोनाच्या लॉकडाऊनमुळं 2020 चा ईस्टर, 12 एप्रिलचा, आपण सगळ्यांनी घरातच केला आणि महाराष्ट्रात चर्चची दारं उघडली ती थेट 16 नोव्हेंबरला, म्हणजे पावसाळा, सण, मयती सगळं त्या मधल्या काळात झालं. तेव्हा जे खरंच उपयोगी पडलं ते लिहितोय, कारण आजारपणामुळं किंवा म्हातारपणामुळं घरात अडकलेली माणसं आजही प्रत्येक मंडळीत आहेत.

आधी वहीत घरांची यादी करा. प्रत्येक घरापुढं लिहा, स्मार्टफोन आहे की बटणाचा, एकटं कोण राहतं, गोळ्या कोणाला चालू आहेत. ग्रुपवर झूमची लिंक टाकली की काम झालं असं वाटतं, पण एकट्या राहणाऱ्या आजींकडं बटणाचा फोन असेल तर त्यांना त्या लिंकचा काय उपयोग? म्हणून आधी फोन, लिंक नंतर. सात-आठ घरांमागं एक जण नेमा, तरुण संघातली पोरं आणि महिला मंडळातल्या मावश्या हे काम फार छान करतात, सगळं पाळकसाहेबांवर टाकू नका.

फोनवर "कसे आहात" विचारलं की "बरंय" एवढंच येतं. त्यापेक्षा आज काय शिजवलं, गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात, रात्री झोप लागते का, असं विचारा, मग माणूस बोलतं.

उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानण्याचं, पण तसंच आहे. "देवानं सगळं दिलं" हे मोघम झालं. कोणी दाराशी दूध ठेवून गेलं, नर्स असलेल्या ताई डबल ड्युटी करून आल्या आणि तरी प्रार्थनेला बसल्या, तर नाव घेऊन आभार माना आणि त्या माणसाला त्याच दिवशी फोन करून सांगा, नाहीतर त्याला कळणार कसं.

एकत्र वाचायला बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या दयेची तीच ओळ येते, त्यामुळं एकेक घराला एकेक वचन वाटून देता येतं, मुलांनी व्हॉइस नोट करून पाठवायची, आणि शेवटी प्रत्येक घरानं आपल्या आठवड्यातली एक गोष्ट तशाच चालीत जोडायची. लाइव्ह कॉलवर सगळे एकदम म्हणायला गेलात तर आवाज मागंपुढं येऊन नुसता गोंधळ होतो. गाणं पण एकानंच म्हणावं, बाकीच्यांनी म्यूट करून घरात मोठ्यानं गावं, आणि सगळ्यांना पाठ असलेलीच गीतं निवडा. फुकटचं झूम 40 मिनिटांत बंद पडतं म्हणून संदेश छोटा ठेवा आणि प्रार्थनेची विनंती आधीच मागवून घ्या.

एक मात्र कळकळीनं सांगतो, ज्या घरात मयत झालीय त्यांच्याकडं आभाराची ओळ मागू नका. स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते बायबलमध्ये आहेच ना? त्यांच्यासोबत ते वाचा, किंवा काही न वाचता नुसतं ऐका, आणि आठवड्यानं परत फोन करा, कारण पहिले चार दिवस सगळेच करतात.

चर्च उघडलं म्हणून हे फोन बंद करू नका, 2020 ला दारं उघडली तेव्हा 65 वर्षांच्या वरच्यांना घरीच थांबायला सांगितलं होतं, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती तेच बाहेर राहिले. ती वही अजून चालू ठेवा, दर महिन्याला नवीन नावं घाला, आणि रविवारी उपासना सुटली की जे आले नाहीत त्यांना दुपारच्या आत कोण फोन करणार हे तिथंच ठरवून मग घरी जा.