जादू येते तर गरीब कायले? फॅन थिअरी बांधायची रीत

फँटसी कादंबरीतल्या जादूबद्दल अंदाज ठोकणं सोपं आहे, टिकेल असा अंदाज बांधणं अवघड. वाचकांनी बांधलेल्या अशा अंदाजाला फॅन थिअरी म्हणतात. ‘शेवटी तो म्हातारा गुरूच खलनायक निघते, पाहाच तुम्ही’ ही थिअरी नव्हे, तो पानठेल्यावरचा निकाल झाला. जादू कशी चालते, कुठे अडते आणि तिथेच का अडते, याचं पुस्तकातल्याच पुराव्यांवरून दिलेलं उत्तर म्हणजे थिअरी. उदाहरणं मुख्यतः हॅरी पॉटरची घेतो. ती मालिका मराठीत आहे, आणि आमच्या भागातल्या ड वर्गाच्या वाचनालयात फँटसीचं एखादं पुस्तक असलंच तर बहुधा तेच असतं. सातही भागांतल्या गोष्टी इथे उघड होतील. वाचायच्या बाकी असतील तर आधी त्या वाचून या.

आधी पुस्तक निवडा

सगळ्याच जादूवर थिअरी बांधता येत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गँडाल्फ नेमकं काय काय करू शकतो, याचे नियम टॉल्किनने वाचकाला दिलेच नाहीत. तिथे जादूने विस्मय वाटावा एवढंच अपेक्षित आहे, हिशोब मांडायला गेलात तर हाती काही लागत नाही. याउलट ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाने 2007 साली एका लेखात आपला पहिला नियम मांडला. त्याचा आशय असा: जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला जितकी कळलेली तितकंच लेखकाचं ते सोडवणं पटतं. असे लेखक नियम आधी पेरून ठेवतात. पेरलेलं असेल तरच शोधण्यात अर्थ आहे.

खर्च कुठे होतो ते बघा

कपाशीच्या शेतात बोंड दिसायच्या कितीतरी आधी बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी असा खर्च दिसत असतो. जादूकडेही त्याच नजरेने बघायचं: हे घडलं, पण यात गेलं काय? सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ (2006) मध्ये हे उघडच आहे. पात्रं धातूचे कण गिळतात आणि पोटात ‘जाळतात’; धातू संपला की ताकद संपली. शिवाय तिथे जोड्या आहेत. लोखंड धातूला ओढतं, पोलाद ढकलतं. जस्त भावना भडकवतं, पितळ शांत करतं. एक शुद्ध धातू आणि एक त्याचा मिश्रधातू, अशी ही मांडणी. वहीत चौकट आखून हे भरलंत की रिकामे रकाने आपोआप दिसतात. सोनं आहे, मग सोन्याच्या जोडीचा मिश्रधातू कुठे? तो पुढच्या भागांत येतो. वाचकाला तो आधीच ओळखता येण्यासारखा होता, यातच त्या मांडणीची गंमत आहे.

मग एक बारका प्रश्न धरा

बहुतेकांचं इथेच चुकतं. ‘जादू कुठून येते?’ हा प्रश्न फार मोठा आहे, त्याला कुठल्याही बाजूने धरलं तरी तो निसटतो. बारका, बोचरा प्रश्न हवा. आमच्या वाचनालयात पोट्ट्यांची हॅरी पॉटरवर चर्चा चालली होती. बाजूला पेपर वाचत बसलेले एक काका बराच वेळ ऐकत होते. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “काय बे, त्या रॉनच्या घरी सगळ्याइले जादू येते म्हणता. मंग ते लोकं गरीब कायले आहेत?”

पोट्टे गप्प झाले. काकांनी पुस्तक उघडलंही नव्हतं, पण प्रश्न असा की त्यावर आठवडा जावा. रॉन हा हॅरीचा मित्र. त्याच्या वीझली कुटुंबात कपडे थोरल्याचे धाकट्याला जातात, पुस्तकं जुनी घेतात. कांडी फिरवून चार सोन्याची नाणी का करत नाहीत?

थिअरी एका वाक्यात लिहा. आमच्या पोट्ट्यांनी लिहिली ती अशी: ‘जादूने सोनं तयार करता येत नाही, हा या जगाचा नियम आहे.’ हिला आधारही आहे. शेवटच्या भागात (2007) हॅरीची मैत्रीण हर्मायनी गॅम्पचा नियम सांगते. रूपांतराच्या जादूला पाच मुख्य अपवाद आहेत आणि पहिला अन्नाचा: अन्न शून्यातून करता येत नाही. कुठे आहे ते माहीत असेल तर बोलावता येतं, बदलता येतं, आहे ते वाढवता येतं. उरलेले चार अपवाद पुस्तकात सांगितलेलेच नाहीत. सोनं त्यांतलं एक असेल का?

पुरावे दोन्ही बाजूंचे लिहा

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे बाजूचे पुरावे, उजवीकडे विरोधातले. प्रत्येकापुढे भाग आणि प्रकरण लिहा, पान नको. मराठी पुस्तक, इंग्रजी पुस्तक आणि मोबाइलवरचं पुस्तक यांची पानं जुळत नाहीत, आणि मग ‘माह्या पुस्तकात हे नाहीच’ यावर भांडण होतं.

सोनं करता येत नाही या थिअरीच्या बाजूने पहिल्या भागातला परीस आहे. कुठल्याही धातूचं सोनं करणारा असा एकच परीस जगात आहे आणि तो निकोलस फ्लॅमेल या किमयागाराचा. साध्या कांडीने सोनं झालं असतं तर त्या परिसासाठी एवढी धावपळ कशाला? चौथ्या भागात लेप्रेकॉन नावाचे बुटके जादुई जीव सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पाडतात आणि काही तासांनी ती नाणी नाहीशी होतात. सातव्या भागात ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेच्या तिजोरीत हात लावला की खजिन्याच्या नकलांवर नकला होत जातात, पण ग्रिपहूक (ही बँक चालवणाऱ्या गॉब्लिन जमातीतला एक) स्पष्ट सांगतो की त्या नकला कवडीमोल आहेत.

आता पुरावे तोलायचे. लेप्रेकॉन म्हणजे जादूगार माणूस नव्हे. त्यांचं सोनं टिकत नाही यावरून कांडीच्या सोन्याबद्दल फारसं सिद्ध होत नाही. हा पुरावा सगळ्यात आधी आठवतो आणि सगळ्यात कच्चा आहे. परिसाचा मला सगळ्यात पक्का वाटतो.

अडचणीचा पुरावा लपवू नका. अन्नाचंच बघा. दुसऱ्या भागात हॅरीच्या शाळेतली शिक्षिका मॅकगोनागल कांडी रोखते आणि टेबलावर सँडविचची ताटली येते. ही ताटली रिकामीही होत नाही. नियम मोडला? नाही, कुठूनतरी बोलावलं आणि मग वाढवलं असं म्हणता येतं, कारण चौथ्या भागात कळतं की शाळेच्या जेवणाच्या टेबलांच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे आणि रांधणारे वेगळेच आहेत. पण त्याच चौथ्या भागात मिसेस वीझली पातेल्यात कांडी फिरवते आणि टोकातून घट्टसर सॉस ओतला जातो. तो कुठून आला? पुस्तक सांगत नाही. ‘बोलावला असेल’ म्हणणं शक्य आहे, पण ती पळवाट आहे. वहीत तसंच लिहा: पळवाट.

प्रतिस्पर्धी थिअरी उभी करा

आपल्या थिअरीशी भांडेल अशी दुसरी थिअरी आपणच मांडायची. सोन्याच्या बाबतीत ती पाचव्या भागात सापडते. हर्मायनी निरोपासाठी खोटी गॅलियन (त्या जगातली सोन्याची) नाणी करते, तेव्हा कळतं की खऱ्या नाण्याच्या कडेवर आकडे असतात आणि ते नाणं पाडणाऱ्या गॉब्लिनचे असतात. म्हणजे अडसर जादूचा नसून बँकेचा असू शकतो: सोनं कराल, पण चालणार नाही. वीझली दोन्ही थिअरींत गरीबच राहतात! मग निवाडा कसा करायचा? नाणी बाजूला ठेवून नुसतं सोनं बघायचं. तिथे परीस पहिल्या थिअरीच्या बाजूने उभा राहतो.

कशाने मोडेल ते आधी लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळलीही हीच जाते. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पावसाचं, पिकांचं आणि राजाचंही भाकीत सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. पण ‘पाऊस कुठे कमी, कुठे जास्त’ असं भाकीत कुणीही, कुठल्याही सालात केलं तरी खोटं ठरत नाही, आणि बऱ्याच फॅन थिअरी याच जातीच्या असतात. ‘या जादूमागे काहीतरी मोठं गूढ आहे’ हे कधी चुकणार?

आमच्या वहीत असं लिहिलं गेलं: ‘कांडीने केलेलं सोनं दुसऱ्या दिवशीही सोनंच राहिलं आणि जाणकाराने ते खरं मानलं, असा एक प्रसंग दाखवा, थिअरी सोडतो.’ सात पुस्तकांत मला तरी तसा प्रसंग सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर सोडायची तयारी हवी.

लेखक मुलाखतीत बोलतात ते वेगळ्या रकान्यात लिहा. सँडरसनचे वाचक त्याची अशी उत्तरं नीट जमवून ठेवतात आणि ती उपयोगी पडतात, पण पुस्तकातलं वाक्य आणि नंतरचा खुलासा यांचं वजन मी सारखं धरत नाही.

बोलताना थोडं भान

हे खास आपल्या गावांसाठी. शब्द लांबून ऐकणाऱ्याला कादंबरी दिसत नाही, नुसती ‘जादू’ ऐकू येते. करणी-भानामतीच्या संशयावरून माणसांचे हाल झालेत, म्हणून तर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. चौकात चर्चा करताना पुस्तक हातात दिसू द्या, आणि गावातल्या कुणाचं नाव गमतीतही जोडू नका. दुसरं म्हणजे स्पॉयलर, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फोडणं. कुणी जागलीला मचाणावर बसून मोबाइलवर तिसरा भाग वाचत असेल, तर त्याला सातव्याची थिअरी पाठवू नये. डुकरं पिटाळायची सोडून तो तुम्हाला फोन करेल.

सराव करायचा असेल तर उरलेल्या अपवादांपासून सुरू करा. दोन उमेदवार तयारच आहेत. शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर सांगतो की मेलेल्याला कुठलाच मंत्र उठवत नाही, आणि तिथला शिक्षक स्लगहॉर्न सांगतो की खरं प्रेम तयार करता येत नाही. दोन्ही वाक्यं सरळ आहेत, म्हणून लगेच यादीत घालावीशी वाटतात. पण गॅम्पचा नियम रूपांतराचा आहे, त्यात प्रेम बसतं का? माझं मत नाही असं आहे. तुम्ही डावी-उजवी बाजू भरून बघा.