मीडियम वेव्हवर एका केंद्रात दुसरे केंद्र: प्रतिमा-व्यत्यय हाताळताना या चुका टाळा

यावल-रावेरकडे रात्रपाळीच्या विजेवर केळीला पाणी देताना सोबत असलेल्या छोट्या रेडिओवर मुंबईचे 558 किलोहर्ट्झचे केंद्र लावावे आणि त्यात भलतेच केंद्र शिट्टीसह मिसळावे, असे झाले की पहिला संशय सेलवर जातो. नवे सेल घालून हा दोष जात नाही, कारण तो सेटच्या रचनेतून येतो.

साध्या सेटमध्ये आयएफ, म्हणजे आलेली लहर ज्या ठरावीक मधल्या वारंवारतेत बदलली जाते ती, 455 किलोहर्ट्झ असते. त्यासाठी सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारा भाग, 558 लावल्यावर 455 ने वर, 1013 वर चालतो. परंतु 1468 च्या आसपासचे केंद्रही 1013 पासून तेवढ्याच अंतरावर असल्याने तेही आत शिरते. यालाच प्रतिमा म्हणतात. म्हणजे प्रतिमा नेहमी लावलेल्या केंद्रापेक्षा 910 किलोहर्ट्झने वर असते. आपल्याकडे केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असल्यामुळे येथे त्रास देऊ शकणारे केंद्र 1467 वर असेल आणि शिट्टी साधारण 1 किलोहर्ट्झची येईल.

प्रत्येक शिट्टीला प्रतिमा समजणे ही दुसरी चूक आहे. मीडियम वेव्हचा पट्टा 1600 च्या पुढे संपतो, त्यामुळे पट्ट्यातल्याच केंद्राची प्रतिमा साधारण 690 च्या खालीच त्रास देते. मुंबईचे 558 आणि इंदूरचे 648 या टप्प्यात येतात, जळगावचे 963 येत नाही. जळगाव केंद्रावर खरखर असेल तर आधी मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवा बंद करून पाहावा. खरी परीक्षा सोपी आहे: ट्यूनिंग किंचित हलवल्यावर शिट्टीचा स्वर बदलला, तर ती प्रतिमा, शेजारच्या दोन केंद्रांच्या संघर्षातली शिट्टी त्याच स्वरात राहते.

लांब तार जोडू नये, कारण तारेने नको असलेले केंद्रही तितकेच बळावते. त्याऐवजी सेट आडवा फिरवावा. सेटमधल्या फेराइट रॉडचे (कॉइल गुंडाळलेल्या, अँटेनाचे काम करणाऱ्या काळ्या दांडीचे) टोक ज्या केंद्राकडे असते ते सर्वांत क्षीण होते. मात्र रात्री आकाशातून परावर्तित होऊन येणाऱ्या दूरच्या केंद्रांबाबत हा उपाय अर्धाच चालतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आयएफच्या डब्यांचे (सेटमधल्या लहान धातूच्या डब्यांतील कॉइलचे) स्क्रूसारखे गाभे फिरवणे. त्याने प्रतिमा जात नाही, उलट आवाज व शेजारची केंद्रे वेगळी करण्याची क्षमता दोन्ही बिघडतात. नको असलेली लहर रोखण्याचे काम रॉडचे परिपथ करते. म्हणून जाणकाराकडून 600 च्या आसपास रॉडवरील कॉइल सरकवून आणि 1400 च्या आसपास अँटेनाचा ट्रिमर (जुळणीचा छोटा कपॅसिटर) फिरवून जुळणी करून घ्यावी, व ती दोन्ही टोकांना पुन्हा तपासून घ्यावी.