जुना वॉलपेपर: वरून रंग मारावा की आधी काढावा?

दिवाळीच्या आधी रंगकाम काढायचं ठरलं आणि एखाद्या भिंतीवर सात-आठ वर्षांपूर्वीचा वॉलपेपर असला, की हा प्रश्न निघतोच. काढायचा म्हटलं तर दोन दिवस जातात आणि खोलीभर ओला कागद होतो. वरून रंग मारला तर संध्याकाळपर्यंत भिंत तयार. माझं मत आधीच सांगते: काढा. वरून रंग चालतो अशाही भिंती असतात, पण फार थोड्या.

आमच्या ठाण्याच्या घरी बेडरूमच्या एका भिंतीवर वॉलपेपरवरूनच इमल्शन मारलं होतं. एप्रिलमध्ये भिंत सुरेख दिसत होती. जुलैमध्ये कपाटाशेजारी लिंबाएवढे फुगे आले. एक फुगा ब्लेडने कापला, तर आतला कागद गार आणि ओला, मागे काळी बुरशी, आणि खोलीभर कुबट वास. त्या भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा बसायचा, रंग चांगल्या प्रतीचा होता. चूक झाली ती मधला कागद ठेवण्यात.

इमल्शन पाण्याचं असतं. ते साध्या कागदात मुरलं की मागची खळ पुन्हा ओली होते आणि कागद भिंत सोडतो. विनाइलच्या वॉलपेपरचं दुखणं वेगळं. त्याच्या प्लास्टिकवर रंगाला पकड मिळत नाही, नख लावलं तरी पापुद्रा निघतो. शिवाय भिंतीतली ओल मागेच कोंडून राहते. तिसरी गोष्ट जोडांची. आपल्याकडचे रोल बहुतेक 21 इंच रुंद असतात, म्हणजे 10 फुटांच्या भिंतीवर पाच जोड आले. दिवसा ते जाणवत नाहीत, पण बाजूचा दिवा लागला की रंगाखालून पाच उभ्या रेघा दिसतात.

आधी भिंत तपासा

एका कोपऱ्यात, कपाटामागे वगैरे, नखाने कागद उचलून बघा. सहज सुटला तर निर्णय झालाच. मग बोटांच्या पेरांनी सगळीकडे टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथे कागद सुटलेला असतो. पाण्याचा एक थेंब लावा: तो मुरला तर साधा कागद, वरच राहिला तर विनाइल.

ओलीसाठी एक फूट रुंद आणि तेवढाच लांब कागद कापून काढा. उघड्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाण्याचे बारीक थेंब दिसले, तर ओल भिंतीत आहे. मग रंगाचा विचार बाजूला ठेवा. बाहेरची भेग, वरच्या मजल्यावरचं बाथरूम, खिडकीची गळकी कड, जे असेल ते आधी दुरुस्त करा आणि भिंत सुकू द्या.

वरून रंग कधी चालतो

आतली कोरडी भिंत, साध्या कागदाचा एकच थर आणि तो कुठेही न सुटलेला, हे सगळं जुळलं तर. जुन्या घरातल्या भुसभुशीत चुन्याच्या गिलाव्यावर कागदानेच भिंत धरून ठेवलेली असते. तो ओढला तर गिलाव्याचे पोपडे हातात येतात. तिथेही मी कागद ठेवीन. सुटलेल्या कडा चिकटवा, जोडांवर पुट्टी ओढून घासा आणि त्यावर ऑइल प्रायमर मारा. पाण्याचा प्रायमर इथे नको, तो खळ ओली करतो. खिडक्या उघड्या ठेवून एक दिवस सुकू द्या. मग दोन फुटांच्या तुकड्यावर रंग लावून दोन दिवस वाट बघा. फुगा आला नाही, छपाईची शाई वर आली नाही, तरच पुढे जा.

काढायची पद्धत

पावसाळ्यात हे काम काढू नका. ऑक्टोबरची कोरडी हवा उत्तम.

खोलीची वीज एमसीबीवरून बंद करा आणि स्विचबोर्डांवर प्लास्टिक लावून टेपने बंद करा. ओल्या भिंतीजवळ वीज सुरू ठेवून कोणीही काम करू नये. भिंतीच्या कडेला जुन्या चादरी अंथरा.

पहिला प्रयत्न कोरडाच करा. खालचा कोपरा सोडवून पट्टी भिंतीलगत हळूहळू वर ओढा. स्वतःच्या दिशेने सरळ ओढली तर पुट्टी उखडते. विनाइल असेल तर वरचा प्लास्टिकचा थर असाच निघतो आणि मागे पांढरट कागद उरतो. चिकट पाठीचा स्टिकर-वॉलपेपर मात्र, भिंत अजून कोरडी असताना, दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावलेल्या हेअर ड्रायरने कोमट करतच सोडवा. तो पुष्कळदा खालचा रंगही घेऊन येतो, त्याची तयारी ठेवा.

उरलेल्या कागदाला बादलीभर कोमट पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. स्पंजने किंवा फवाऱ्याने दोन-तीन पट्ट्या भिजवा आणि पंधरा मिनिटं थांबा. इथे घाई झाली की पुढे तासभर खरवडत बसावं लागतं. कागद गडद दिसायला लागला की पुट्टी ओढायचा रुंद पत्रा भिंतीला जवळजवळ सपाट टेकवून कागदाखालून सरकवा. पत्रा उभा धरला की पुट्टीत खाचा पडतात. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर फक्त फवारा मारा. जास्त पाण्याने बोर्डाचा स्वतःचा कागद सोलवटतो.

आता सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम: खळ धुणं. कागद निघाला की भिंत स्वच्छ दिसते, पण ओलं बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. ती खळ राहिली तर वरच्या रंगाला बारीक तडे जातात. कोमट पाणी बदलत बदलत स्पंजने पुसा. बोट चिकटेनासं होईपर्यंत, दोनदा, लागलं तर तीनदा. स्पंज बादलीत पिळल्यावर येणारं दुधट पाणी बघितलं की कळतं, केवढं काय राहिलं होतं.

बुरशी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

खाली जुना ऑइल पेंट निघाला तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक. ओल्या पॉलिश पेपरने घासा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

भिंत पूर्ण कोरडी व्हायला दोन-तीन दिवस द्या. खड्डे पुट्टीने भरा, मग सगळ्या भिंतीवर पातळ हात ओढा. सुकल्यावर 180 किंवा 220 नंबरच्या पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर मारा. प्रायमर सुकला की रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरपा धरा. राहिलेली प्रत्येक खाच सावलीसकट उठून दिसेल. तिथे पेन्सिलने फिकट गोल करा, सकाळी तेवढीच पुट्टी भरून, घासून, प्रायमरचा हात द्या आणि मग रंगाचा डबा उघडा.