रक्त पातळ करायची गोळी सुरू असताना दात काढायचा असेल तर

दात काढायचा ठरला की घरात पहिला प्रश्न निघतो: "मग रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवू का?" आपल्या मनाने मुळीच नाही. दाताच्या खड्ड्यातलं रक्त दाबून थांबवता येतं. पण गोळी बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, तर तिथे कुणाचं बोट पोचत नाही.

पहिलं काम: सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून डेंटिस्टकडे न्या. "बीपीची आणि हार्टची गोळी" एवढं सांगून भागत नाही. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल सहसा चालूच ठेवतात. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर दात काढण्याच्या आधीच्या २४ तासांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासतात. आकडा नेहमी स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा रिपोर्ट चालतो. तो ४ च्या खाली असला की साधा दात गोळी न थांबवता काढता येतो. रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचं तंत्र निराळं आहे. मोठं काम असेल तर त्या दिवशीचा सकाळचा डोस घ्यायचा, पुढे ढकलायचा की सोडायचा, हे डेंटिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. झडप बदललेली असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

वेळ सकाळची घ्या, तीही आठवड्याच्या सुरुवातीची. शनिवारी संध्याकाळी दात काढला आणि रात्री रक्त सुरू झालं, तर रविवारी दवाखाना कुठे शोधणार? बरेच दात काढायचे असतील तर ते टप्प्याटप्प्याने काढून घ्या.

दात निघाला की खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवून टाके घालतात आणि वर गॉझ देतात. खरी मेहनत इथून पुढे आहे. गॉझ घट्ट चावून धरा, अर्धा तास. दर पाच मिनिटांनी काढून "थांबलं का?" बघायचं नाही, प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी गॉझला चिकटून निघते. लाळ थुंकू नका, गिळा. थुंकताना तोंडात ओढ बसते आणि गुठळी सुटते. गुलाबी लाळ दिवसभर येत राहील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घरी पुन्हा रक्त आलं तर स्वच्छ गॉझ ओला करून, पिळून, घडी थेट खड्ड्यावर ठेवा. ताठ बसा आणि घड्याळ लावून वीस-तीस मिनिटं दाबून धरा.

पहिले २४ तास चूळ भरू नका, स्ट्रॉ वापरू नका, गरम चहा, तंबाखू, मिशरी आणि दारू टाळा. खड्ड्यात हळद किंवा तपकीर भरू नका. गार मऊ भात, ताक, पेज घ्या. झोपताना डोक्याखाली दोन उशा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा.

दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फरिनवर असणाऱ्यांनी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकबद्दल विशेष सावध राहावं. दातदुखीत ते सर्रास लिहून दिलं जातं आणि त्याने आयएनआर झपाट्याने चढतो. चिठ्ठीत दिसलं तर तिथेच विचारा.

दोन-तीन दिवसांनी खड्ड्यावर पांढरट थर दिसतो. तो पू नसतो, भरून येण्याचीच खूण असते, खरवडू नका. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. मात्र तिसऱ्या दिवशी कळ कमी होण्याऐवजी कानापर्यंत जाऊ लागली, तर गुठळी निघून खड्डा कोरडा पडला असण्याची शक्यता आहे, डेंटिस्टला दाखवा.

अर्धा-अर्धा तास दोनदा दाबूनही तोंड रक्ताने भरत असेल, गळ्याकडे सूज येऊन गिळायला त्रास होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. औषधांची ती पिशवी सोबत घ्या.