रस्त्यावरून ट्रॅकवर जाणाऱ्या सायकलपटूंनो, या चुका टाळा

महाराष्ट्रातला बहुतेक सायकलपटू रस्त्यावर घडतो. घाट चढून पाय तयार होतात, मुंबई–पुणे शर्यतीचं स्वप्न असतं, आणि मग कधीतरी बालेवाडीच्या किंवा दिल्लीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे आत उतरता असलेल्या लंबगोल सायकल ट्रॅकवर, उतरायची वेळ येते. तिथे ताकद सहसा कमी पडत नाही. नडतात त्या रस्त्यावर लागलेल्या सवयी.

पाय थांबवणं

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. रस्त्यावर पुढच्याच्या चाकाच्या फार जवळ गेलो की आपण क्षणभर पाय सोडतो. इथे तसं केलं की पेडल पायाला उचलून फेकतं, मागचं चाक उसळतं आणि मागून येणारे चार जण तुमच्यावर आदळतात.

वेग कमी करायचा असेल तर ट्रॅकच्या उतारावर वर चढा. अर्धा मीटर वर गेलात तरी वेग उतरतो, आणि खाली येताना तोच परत मिळतो. वर सरकण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने असते, त्यामुळे वरची बाजू कायम उजवीकडे असते. शर्यत संपली की ट्रॅकवर वरच्या बाजूला आखलेल्या निळ्या रेषेच्या वर राहून दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू थांबा. ट्रॅकवर जाण्याआधी आठ-दहा दिवस फिक्स्ड गिअर (चाकाबरोबर पेडल फिरत राहणारा) लावून रोज 20 मिनिटं रोलर केला, म्हणजे फिरत्या नळ्यांवर जागच्या जागी सायकल चालवली, तर ही सवय बरीचशी तिथेच मोडते.

वळणाला घाबरून हळू जाणं

250 मीटरच्या ट्रॅकची वळणं 42 ते 45 अंशांची असतात. खालून बघितलं तर भिंतच वाटते. नवखा माणूस भीतीने वेग कमी करतो आणि नेमका त्यामुळेच पडतो. ताशी 30 किमीच्या आसपास किंवा त्याखाली वेग गेला की टायर उतारावरून खाली सरकायला लागतो. आधी ट्रॅकच्या अगदी आतल्या काठाच्या रुंद निळ्या पट्टीवर वेग घ्या, मग तिच्या वरच्या काळ्या रेषेवर या, तिथे स्थिर झालात की त्याच्याही वरच्या लाल रेषेच्या वर जा. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवा.

मोठ्या खेळाडूचा गिअर उचलणं

सगळ्यात जास्त शर्यती इथे हातच्या जातात. जागतिक पातळीवर गेल्या काही वर्षांत गिअर खूप वाढलेत, ते बघून 17 वर्षांचा मुलगाही 54 दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) लावतो. गणित करून बघा. चाकाचा परीघ 2.09 मीटर धरला तर 50×14 गिअरमध्ये, म्हणजे पुढे 50 आणि मागे 14 दात असताना, पेडलच्या एका फेरीत सायकल 7.46 मीटर जाते, 54×14 मध्ये 8.06 मीटर. ताशी 50 किमी वेगाला पहिल्यात केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) 112 पडतो, दुसऱ्यात 103. कागदावर दुसरा सोपा वाटतो. पण जागेवरून सुटताना तोच गिअर मांड्या जाळतो आणि शेवटच्या फेऱ्यांत पाय अडकतात. सरावात शेवटच्या चार फेऱ्यांत केडन्स 100 च्या खाली जात असेल तर गिअर मोठा आहे, एवढं सरळ समजा.

गिअर बदलताना मागचा कॉग (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) आधी बदलू नका. 14 चा 13 केला तर 7.46 वरून एकदम 8.04 वर उडी जाते. पुढे 50 ची 51 केली तर 7.61 येतं, म्हणजे फरक फक्त 15 सेंटिमीटर. बॅगेत 49 ते 52 अशा चार चेनरिंग आणि 14 व 15 चे कॉग असले की सुरुवातीची दोन वर्षं भागतात.

कॉग, लॉकरिंग आणि चेन

कॉग नेहमीच्या आट्यावर, म्हणजे उजवीकडे फिरवून बसतो. त्याला जागेवर धरणाऱ्या कड्याचे, म्हणजे लॉकरिंगचे, आटे उलटे असतात, ती डावीकडे फिरवून घट्ट होते. हे माहीत नसलं की लोक लॉकरिंग उलट दिशेने दाबून हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे खातात. आटे गेले तर पायाने वेग अडवताना कॉग सुटतो, कारण तो जोर त्याला उलटाच फिरवत असतो. कॉग घट्ट करा, थोडं चालवा, पुन्हा घट्ट करा, मग लॉकरिंग आवळा.

चेन मध्यभागी बोटाने दाबली तर वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. हे पेडल चार ठिकाणी थांबवून तपासा, कारण चेनरिंग क्वचितच तंतोतंत गोल बसते. फार ताणलेली चेन बेअरिंगवर जोर टाकते. सैल चेन उतरली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. चाकाचे नट 15 मिमीच्या पान्याने, दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा. प्रत्येक शर्यतीआधी तपासा, काल केलं होतं म्हणून सोडू नका.

क्रँकचंही तसंच. रस्त्यावर 170 किंवा 172.5 मिमीचा क्रँक (पेडलचा दांडा) चालतो, ट्रॅकवर बहुधा 165 चा लावतात, नाहीतर हळू वेगात पेडल उताराला टेकतं. क्रँक 5 मिमीने आखूड झाला की सीट तेवढीच वर घ्यावी लागते. हे विसरलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं आणि दोष सरावाला दिला जातो.

परस्यूटमध्ये पहिल्याच किलोमीटरला संपणं

परस्यूट म्हणजे ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायची शर्यत. 4 किमी म्हणजे 250 मीटरच्या 16 फेऱ्या. समजा लक्ष्य 4 मिनिटं 48 सेकंद, म्हणजे 288 सेकंद आहे. थांबलेल्या अवस्थेतून सुटत असल्याने पहिली फेरी 23 सेकंदांची धरा. उरलेल्या 15 फेऱ्यांना 265 सेकंद, म्हणजे प्रत्येकी 17.7 मिळतात. दुसरी-तिसरी फेरी 16.8 ची निघाली तर आनंद मानू नका, शेवटी त्याची दुप्पट परतफेड होते. प्रशिक्षकाला ट्रॅकच्या काठावर उभं करा आणि दर फेरीला पुढे-मागेचा फरक दाखवायला सांगा.

ओम्नियममध्ये उपाशी राहणं आणि नियम न वाचणं

ओम्नियम म्हणजे चार शर्यतींची मिळून एक स्पर्धा. स्क्रॅच (शेवटी रेषेवर पहिला तो विजेता), टेम्पो (फेरीत पुढे राहणाऱ्याला गुण), एलिमिनेशन (ठरावीक फेऱ्यांनी शेवटचा बाद) आणि पॉइंट्स (ठरावीक फेऱ्यांच्या स्प्रिंटना गुण) अशा चारही शर्यती एकाच दिवशी होतात. पहिल्या तिन्हींत विजेत्याला 40, दुसऱ्याला 38 गुण. शेवटच्या पॉइंट्स शर्यतीतले गुण त्यात थेट मिळवले जातात आणि इतरांवर एका पूर्ण फेरीची आघाडी मिळवली तर 20 मिळतात. म्हणून तिसऱ्या शर्यतीनंतर पाचवा असलेला खेळाडूही जिंकू शकतो, पोटात काही असेल तर. दोन शर्यतींमध्ये केळं, खजूर किंवा मीठ घातलेला साधा भात थोडा-थोडा खा. आणि एक लक्षात ठेवा: एलिमिनेशनमध्ये शेवटचा कोण हे मागच्या चाकावरून ठरतं. रेषेवर पुढचं चाक ढकलण्याचा रस्त्यावरचा डाव तिथे कामाचा नाही.

सतराव्या वर्षी एकच वाट धरणं

ब्रॅडली विगिन्सने 2004 आणि 2008 ला ऑलिंपिकमध्ये परस्यूटचं सुवर्ण घेतलं आणि 2012 ला टूर द फ्रान्स जिंकली. जेरेंट थॉमस दोनदा टीम परस्यूटचा ऑलिंपिक विजेता, मग 2018 चा टूर विजेता. लांब पल्ल्याच्या ट्रॅक शर्यतींसाठी रस्त्यावरचे तास लागतातच. स्प्रिंटरचं मात्र वेगळं. त्याला आठवड्याला 400 किमीची सक्ती करणं म्हणजे त्याचा वेग मारणं आहे. त्याचं काम जिममध्ये आणि छोट्या, पूर्ण विश्रांतीच्या धावांत असतं.

कागदपत्रं

यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या) कॉन्टिनेंटल, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघांसाठी किमान पगाराचा नियम नाही. करार हातात आला की पगार, विमा, प्रवास, सायकल कोणाची आणि अपघात झाला तर खर्च कोण करणार, हे लेखी मागा. युरोपात शर्यती खेळणार असाल तर शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. संघाचं वेळापत्रक मिळताच दिवस मोजा. सरावाचे पहिले आठवडेही त्यातच धरले जातात.